काळ्या गाडीवरचं जाळं

इंजिन, टायर, बॅटरी यांच्याबद्दल या मालिकेत बोलून झालं. आज रंगाबद्दल बोलू, आणि त्यातही गडद रंगाबद्दल. काळा, गडद निळा, मरून. प्रश्न सगळे त्यांचेच येतात. इंदूरहून येतात, बडोद्याहून येतात, बेळगावहून येतात, आणि इथे जयपुरात तर माझ्या गल्लीतूनच येतात. "साहेब, गाडी घेतली तेव्हा आरशासारखी होती. आता ऊन पडलं की बॉनेटवर कोळ्याने जाळं विणल्यासारखं दिसतं. पॉलिश मारून घेऊ का?"

जरा थांबा. पॉलिशने ते जाळं जातं, यात शंका नाही. पण पॉलिश म्हणजे गाडीचा रंग घासून कमी करणं. कमी करायला रंग किती शिल्लक आहे आणि ते जाळं रोज कोण विणतंय, या दोन गोष्टी कळल्याशिवाय दुकानात जाऊ नका.

आधी ते जाळं म्हणजे काय ते बघू. पुष्कळांना वाटतं की कोणीतरी गोल गोल हात फिरवून पुसलं म्हणून गोल ओरखडे पडले. घरात जुनं स्टीलचं ताट असेल तर ते बल्बखाली धरा. बल्बचं प्रतिबिंब दिसतं त्याच्याभोवती बारीक रेषांची गोल वलयं दिसतील. आता ताट न हलवता डोकं बाजूला न्या. वलयंही सरकतात! ओरखडे काही सरकत नाहीत. ते सगळ्या दिशांना, आडवेतिडवे पडलेले असतात. त्यातले जे ओरखडे प्रकाशाच्या वाटेला आडवे असतात तेवढेच तुमच्या डोळ्याकडे चमक फेकतात, आणि प्रकाशाच्या ठिपक्याभोवती अशा आडव्या तुकड्यांचं मिळून वर्तुळ दिसतं. गाडीवर हेच घडतं. रात्री पेट्रोल पंपाच्या पांढऱ्या दिव्यांखाली गाडी उभी करा, सगळा हिशेब समोर येईल.

मग पांढऱ्या गाडीवर ओरखडे नसतात का? तितकेच असतात. पण पांढरा रंग स्वतःच इतका प्रकाश परत फेकतो की ओरखड्याची बारीक चमक त्यात बुडून जाते. काळा रंग जवळजवळ काहीच परत फेकत नाही, म्हणून एकेक चरा उठून दिसतो. काळी गाडी जास्त खराब होत नाही, ती फक्त लपवत नाही.

हे ओरखडे रंगावर नसतात, रंगाच्या वरच्या पारदर्शक थरावर असतात. त्याला क्लिअर कोट म्हणतात. जुन्या गाड्यांना हा वेगळा थर नसे. आमच्या नोकरीच्या काळात वरिष्ठांच्या स्टाफ कार काळ्या ॲम्बॅसॅडर असत. त्यांना पॉलिश करताना ड्रायव्हरचा फडका काळा व्हायचा, कारण तो सरळ रंगच घासत असे. आजच्या गाडीला पॉलिश करताना फडक्यावर रंग येत नाही, म्हणून लोकांना वाटतं की काहीच गेलं नाही. जातं. फक्त दिसत नाही, कारण जे गेलं ते पारदर्शक आहे.

हा थर साधारण ३५ ते ५० मायक्रॉन जाड असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा धरा, म्हणजे हा थर केसापेक्षाही पातळ. सूर्याच्या अतिनील किरणांना अडवणारी रसायनंही यातच असतात. हलक्या पॉलिशने एकदोन मायक्रॉन जातात, जाड कंपाउंडने आणि रेटून चालवलेल्या मशीनने तीनचार किंवा त्याहून जास्त. आता हिशेब करा. दर सहा महिन्यांनी 'रबिंग-पॉलिश'चं पॅकेज घेतलं आणि दर वेळी ३ मायक्रॉन गेले, तर पाच वर्षांत दहा वेळा मिळून ३० मायक्रॉन. होता किती, तर ४५. उरलेल्या १५ वर राजस्थानचा जेठ महिना काढायचा आहे! मग छपरावर आणि बॉनेटवर पांढरे चट्टे येतात, पापुद्रे सुटतात. त्यावर पॉलिश चालत नाही. ते पॅनेल पुन्हा रंगवावं लागतं.

माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांची गडद निळी गाडी अशीच गेली. हौशी माणूस. दिवाळीला एकदा आणि होळीनंतर एकदा, न चुकता पॉलिश. बॉनेटच्या कडेला, जिथे पत्र्याला धार असते तिथे, थर आधीच पातळ बसतो. चौथ्या वर्षी तिथे बोटभर लांबीचा फिका पट्टा दिसू लागला. दुकानदार म्हणाला, अजून एकदा मारतो, जाईल. मी त्यांना म्हटलं, आता त्या दुकानाच्या रस्त्यानेही जाऊ नका.

जाळं विणतं कोण, त्याचं उत्तर जयपुरात जोहरी बाजारात मिळतं. हे शहर रंगीत रत्नांच्या, विशेषतः पाचूच्या, पैलू पाडण्यासाठी आणि पॉलिशसाठी जगात नावाजलेलं आहे. तिथल्या जाणत्या माणसाला विचारा की दागिना रोज वापरला तर कोणता खडा चमक टिकवतो. तो कठीणपणाचा आकडा सांगेल. मोहस नावाच्या शास्त्रज्ञाची १ ते १० अशी मोजपट्टी आहे. हिरा १०. पाचू साडेसात ते आठ. आणि ७ वर आहे गारगोटी. आता वाळू म्हणजे मुख्यतः गारगोटीचा चुरा, आणि साध्या धुळीतही तिचे कण असतात. म्हणून ७ च्या वरचा खडा धुळीसकट पुसला तरी त्याला काही होत नाही. ओपल किंवा मोती मात्र पुसून पुसून मंद होतात. मोती अडीच ते साडेचारच्या दरम्यान येतो. गाडीचा क्लिअर कोट म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिकच. तो पाचूच्या पंगतीत बसत नाही, मोत्याच्याही मागे बसेल.

आणि आपल्याकडे धूळ कुठली, तर थरच्या वाळवंटाकडून येणारी. मे-जूनमध्ये आंधी आली की तासाभरात बॉनेटवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी बसते. पुण्या-नाशिककडे माती असते, चिखल असतो, पण इथल्यासारखी कोरडी रेती रोज नसते. सोलापूर, लातूर, विदर्भातला उन्हाळा मात्र याच्या जवळ जातो, तिकडच्यांनी हे स्वतःला लागू धरावं.

अशा धुळीवर सकाळी सात वाजता कोरडा फडका फिरतो. इथे त्याला 'कपड़ा मारना' म्हणतात. आमच्या कॉलनीत एक तरुण रोज पंधरावीस गाड्या पुसतो. एक बादली, एक फडका. पहिल्या गाडीची रेती विसाव्या गाडीपर्यंत जाते. पैलू पाडणारे कारागीर जाड दाण्याच्या चकतीवरून बारीक दाण्याच्या चकतीकडे जाताना खडा आणि हात धुऊन घेतात, कारण जाड पावडरीचा एक कण पुढच्या चकतीवर गेला तर केलेलं सगळं पॉलिश वाया. इथे मात्र तोच फडका चाकावरून बॉनेटवर.

दोष त्या तरुणाचा नाही, हे मी ठासून सांगतो. लोक त्याला लगेच काढून टाकतात आणि प्रश्न सुटला समजतात. आमच्या शेजारच्या कुटुंबाने काळी गाडी घेतली तेव्हा मी त्याला बोलावून समजावलं की धुळीवर कोरडा फडका नको. तो म्हणाला, "साहब, कपड़ा नहीं मारूँगा तो मेमसाब कहेंगी काम ही नहीं किया. पैसे कट जाएँगे." बरोबर होतं त्याचं. त्याला पगार गाडी स्वच्छ दिसण्याचा मिळतो, रंग टिकण्याचा नाही. मग मी शेजारणीशी बोललो. ठरलं असं की महिन्याचे पैसे तेच, पण रोज फक्त काचा, आरसे आणि नंबरप्लेट ओल्या फडक्याने पुसायच्या. रंगाला हात नाही. आठवड्यातून दोनदा पूर्ण धुणं. त्याचा वेळही तेवढाच गेला. पहिले काही दिवस वहिनींना धुळकट गाडी बघवत नव्हती. पण धूळ नुसती बसली म्हणून चरा पडत नाही, ती रंगावरून फरफटवली की पडतो. दोन दिवसांची धूळ घेऊन फिरायला हरकत नाही. तेवढं मन घट्ट करावं लागतं.

आता धुण्याचं. वेळ सकाळची, गाडी सावलीत आणि पत्रा थंड. काळा पत्रा उन्हात इतका तापतो की हात ठेववत नाही, त्यावर शांपू लावताक्षणी वाळतो. आधी हात न लावता नुसतं पाणी मारा, वरून खाली, दोनतीन मिनिटं. निम्म्याहून जास्त रेती इथेच उतरली पाहिजे. प्रेशर पंप आणि फोमची बाटली असेल तर उत्तम. फेस पाच मिनिटं राहू द्या, वाळू देऊ नका, पुन्हा पाणी. हात यानंतर लावायचा.

बादल्या दोन. एकीत गाडीचा शांपू, दुसरीत साधं पाणी. दोन्हींच्या तळाशी जाळी मिळाली तर टाका, म्हणजे खाली बसलेली रेती पुन्हा वर येत नाही. मायक्रोफायबरचा हातमोजा शांपूत बुडवायचा, एक पॅनेल धुवायचं, मग साध्या पाण्यात खळबळून पिळायचा, मग पुन्हा शांपूत. क्रम छप्पर, काचा, बॉनेट, दरवाज्यांचा वरचा भाग, आणि अगदी शेवटी दरवाज्यांचा खालचा भाग व बंपर, कारण रस्त्याची रेती तिथेच चिकटलेली असते. चाकांचा फडका वेगळा, शक्यतो वेगळ्या रंगाचा, म्हणजे घरातलं कोणी चुकून उचलणार नाही. हात सरळ रेषेत चालवा. एखादा कण राहिलाच तर सरळ चरा एका बाजूनेच दिसतो, गोल चरा कुठूनही दिसतो. दाब अजिबात नको. भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर वापरू नका, त्याने वरचं मेण निघून जातं आणि घसरण कमी होते.

पाण्याबद्दल जयपूरकरांसाठी दोन शब्द. बीसलपूर धरणाचं पाणी येतं तिथे ठीक आहे. बोअरवेलचं पाणी जड असतं, वाळलं की पांढरे डाग ठेवतं आणि ते डाग घासताना पुन्हा ओरखडे. आणखी एक सवय इथे फार दिसते. आरओ मशीनचं टाकाऊ पाणी बादलीत साठवून त्याने गाडी धुतात. पाणी वाचवण्याची भावना चांगली आहे, पण त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. फरशीला वापरा, चाकांना वापरा. काळ्या बॉनेटवर शेवटचं पाणी म्हणून कधीच नको.

पाणी कमी असेल तर न खळबळता धुण्याचं द्रावण मिळतं, एका बादलीत झाकणभर. आमच्यासारख्या शहराला ही पद्धत फार सोयीची. पण आधी तेच द्रावण फवारून धूळ भिजू द्यायची, मग द्रावणात भिजवलेला मायक्रोफायबर चार पदरी घडी करून फिरवायचा, प्रत्येक स्वच्छ बाजू एकदाच. आठ बाजू होतात. सहासात फडक्यांत गाडी होते. गाडीवर आंधीचा थर असेल तर मात्र ही पद्धत नको, तेव्हा भरपूर पाणीच हवं.

वाळवताना जुनी बनियन, पंचा, साडीचा तुकडा हे सगळं बाजूला ठेवा. मोठा, जाड मायक्रोफायबर टॉवेल पसरायचा आणि हलकेच ओढायचा. हे टॉवेल वेगळे धुवा आणि फॅब्रिक कंडिशनर घालू नका, त्याने धाग्यांवर थर बसतो. टॉवेल जमिनीवर पडला तर तो त्या दिवसापुरता बाद. फौजेत हत्यार जमिनीवर पडलं तर जसा गोंधळ होतो, तसा घरात व्हायला हवा.

गाडीच्या कव्हरचंही सांगतो. धुळीच्या गाडीवर कव्हर टाकलं आणि रात्री वारा सुटला की ते कव्हर सकाळपर्यंत सॅंडपेपरचं काम करतं. स्वच्छ गाडीवर आणि बंद जागेत टाका, नाहीतर टाकूच नका. नवी गाडी घेताना शोरूममध्ये आधीच सांगा की माझी गाडी धुऊ नका, पॉलिश करू नका, नुसती प्लास्टिकची आवरणं काढा. पुष्कळ नव्या गाड्यांवर पहिलं जाळं डिलिव्हरीच्या दिवशीच पडतं, फुलांचा हार चढायच्या आधी.

एवढं सगळं बसलं, महिनाभर पाळलं गेलं, की मग पॉलिशचा विचार करा. त्याआधी केलं तर दोन महिन्यांत जाळं पुन्हा हजर, आणि तीन मायक्रॉन खर्ची.

पॉलिशच्या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. फौजेतला माणूस हे बुटावरून चटकन ओळखेल. बुटाला आम्ही पॉलिश लावून, पाण्याचा थेंब घेऊन, छोट्या छोट्या वर्तुळांत तासभर घासायचो. टोकात तोंड दिसायचं. चामडं काही गुळगुळीत झालेलं नसायचं, त्याच्या खळग्यांत मेण भरलेलं असायचं. एक परेड झाली, बूट वाकला, की चमक तडकली. स्वस्त 'ग्लेझ' आणि 'वॅक्स पॉलिश' हेच करतात, चरे भरतात. चारपाच धुण्यांत परत दिसतात. हे वाईट नाही. लग्नकार्याच्या आधी किंवा थर पातळ झालेल्या जुन्या गाडीवर हाच शहाणपणाचा मार्ग. फक्त 'स्क्रॅच काढले' म्हणून त्याचे पैसे देऊ नका. दुसरी गोष्ट खरं पॉलिश, ज्यात ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखे अतिबारीक दाणे असतात. ते चऱ्याच्या दोन्ही काठांवरचा थर घासून चऱ्याच्या तळापर्यंत आणतात. कोणतं केलं हे ओळखायचं असेल तर काम झाल्यावर पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने एक हातभर जागा पुसायला सांगा आणि टॉर्च मारा. भरलेलं असेल तर जाळं परत दिसतं. चांगला कारागीर हे स्वतःहून करून दाखवतो.

मशीन दोन प्रकारचं. एक नुसतं गरागरा फिरणारं, रोटरी. कुशल हातात ते उत्तम, नवख्या हातात ते रंग जाळतं, आणि मोठे ढगासारखे पट्टे मागे ठेवतं जे उन्हात गाडीबरोबर नाचतात. दुसरं ड्युअल ॲक्शन, जे फिरतं आणि हलतंही. जास्त दाबलं की त्याचं फिरणं थांबतं, म्हणून घरी करणाऱ्याने हेच घ्यावं. गाडी धुऊन, मग क्ले बारने भरपूर फेस लावून खरखर काढून, रबरी व प्लास्टिकच्या पट्ट्या आणि धारेच्या कडा कागदी टेपने झाका. मग एकाच पॅनेलवर दीड फूट चौकोनात प्रयोग. सुरुवात सर्वांत मऊ पॅड आणि सर्वांत बारीक पॉलिशने. चारपाच फेऱ्या, आडव्या आणि उभ्या, हात सावकाश. पुसून टॉर्चने बघा. पुरेसं झालं तर सगळी गाडी त्यावरच. नाही झालं तरच एक पायरी वर. उलट क्रमाने, आधी जाड कंपाउंड, ही दुकानांची घाई असते, कारण त्यांना संध्याकाळपर्यंत तीन गाड्या काढायच्या असतात.

रंगाची जाडी मोजणारं यंत्र त्यांच्याकडे आहे का ते विचारा. ते सगळ्या थरांची मिळून जाडी सांगतं, एकट्या क्लिअर कोटची नाही. कंपनीतून आलेली गाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन दाखवते. कुठे ८०-९० आलं तर तिथे मशीन नको. कुठे ३०० आलं तर ते पॅनेल कधीतरी पुन्हा रंगवलेलं आहे, जुनी गाडी घेणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवा. आणि नख अडकेल इतका खोल चरा असेल तर त्याच्या मागे लागू नका. त्याच्या कडा बोथट होतील, लांबून दिसणार नाही, तेवढ्यावर समाधान. मी ९० टक्के निघालेल्या जाळ्याला पूर्ण काम समजतो. उरलेल्या दहासाठी जो थर जातो तो परवडत नाही.

नंतर काय लावायचं? मेण, सीलंट किंवा सिरॅमिक, खिशाप्रमाणे. त्याने पृष्ठभाग निसरडा होतो आणि धूळ पाण्याबरोबर सहज जाते. पण 'नऊ एच कडकपणा, ओरखडे पडणारच नाहीत' हे ऐकलं की पाकीट आत ठेवा. ते ९ एच पेन्सिलीच्या कठीणपणाच्या चाचणीतलं आहे. जोहरी बाजारातल्या ७, ८, ९ शी त्याचा संबंध नाही. गारगोटीचा कण सिरॅमिकलाही ओरखडतो. खरा अडथळा जाड पारदर्शक फिल्मचा. तिच्यावरचे बारीक चरे उन्हाच्या उष्णतेने भरूनही येतात, आणि ऊन तर इथे फुकट आहे. पण पूर्ण गाडीला खर्च लाखाच्या घरात जातो. माझं मत विचाराल तर नुसत्या बॉनेटला आणि दरवाज्यांच्या हँडलमागच्या खोबणीला लावा, नखांचे चरे तिथेच पडतात.

थंडीतलं एक राहिलं. डिसेंबर-जानेवारीत इथे दव पडतं, गाडी ओली दिसते, आणि लोकांना वाटतं ओली आहे म्हणजे पुसायला हरकत नाही. दवाने धूळ भिजते, वाहून जात नाही. पाऊस आल्यासारखं समजू नका. तेव्हा एकतर पूर्ण पाणी मारा, नाहीतर काचा पुसून निघा.

पुढच्या भागात समोरच्या काचेवर वायपरने पडलेले चरे घेऊ. काच रंगापेक्षा कठीण असते, त्यामुळे तिथला हिशेब वेगळा आहे.